आईची भेसळीवरची नजर

बदनापूरला आई बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जायची. कपाशीच्या ओळीतून चालता चालता नुसत्या पानावरून भेसळीचं, म्हणजे दुसऱ्याच वाणाचं, झाड ओळखायची आणि उपटून टाकायची. तिची नजर कधी चुकली नाही, हे मी आजही छाती फुगवून सांगतो.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आई सासू-सुनांची मालिका बघायची आणि मी तिला हसायचो. मी टीव्हीवर बघतो त्या गाण्याच्या स्पर्धेत मात्र सगळं खरं असतं, असं ऐकवायचो.

एका संध्याकाळी ती माझ्यासोबत ती स्पर्धा बघायला बसली. कोण बाहेर जाणार हे सांगायच्या आधी ढॅण ढॅण वाजलं, प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवला आणि जाहिरात लागली.

"मालिकेत बी असंच करतेत," ती म्हणाली. "ती रडणारी पोरगी जात न्हाई बघ. तिच्या मायला गावाहून आणलं, मंग तिला कसं काढतील?"

पोरगी राहिली. त्यानंतर दर आठवड्याला कॉलेजातली पोरं मला विचारायची, "तुझी आई काय म्हणते, कोण जाणार?"

मी एकदा चिडून म्हणालो, "दोन्ही सारखंच आहे, तर तू मालिका कशाला बघते?"

"मालिकावाले खरं हाय म्हणून सांगत न्हाईत," आई म्हणाली.