मोहाखालचा काळा रंग

मार्चमध्ये आमच्याकडे सकाळची शाळा लागते आणि नेमका तेव्हाच मोह गळू लागतो. हे वेळापत्रक ज्याने कुणी ठरवलं, तो पहाटे मोहाखाली कधी उभा राहिला नसावा. उजाडायच्या आधीपासून फुलं टपटप पडत असतात आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन रानात असतं. त्यामुळे पहिलीच्या माझ्या वर्गात सकाळी निम्मी पोरं असायची, आणि जी असायची तीही अर्ध्या झोपेत. कुणी मोह वेचून तसंच पळत आलेलं असायचं. त्यांच्या केसांना, बोटांना, दप्तरालाही तो गोड, जड वास यायचा. खिडकीतून सागाच्या जंगलातलं धुरकट ऊन आत यायचं आणि मलाही वाटायचं, आपण जागे आहोत की अजून अंथरुणातच?

अशा पोरांना मी बाराखडी शिकवायला जात नाही. मेणखडूंचा डबा सतरंजीवर ओतते आणि गप्प बसते.

आमच्या मुख्याध्यापकांना हे काही पटत नसे. "रंगवून रंगवूनच दुसरीत पाठवणार का यांना?" असं ते दारातून विचारायचे. मी पण काही कमी नाही. म्हटलं, सर, जी बोटं रंगाची कांडी धरायला शिकतात तीच उद्या पेन्सिल धरतात, तेवढं होऊ द्या. पण खरं कारण वेगळंच होतं. रंगवताना पोरं शांत होतात. रडत आलेलं पोर हुंदके देत देत हिरवा रंग उचलतं आणि थोड्या वेळाने बघावं तर रडणं विसरून जीभ बाहेर काढून रंगवत असतं. शेजारचं म्हणतं, "तुहा मोर लाल काऊन?" आणि मग गप्पा सुरू. वाचनाच्या तासाला तोंड न उघडणारी पोरं रंगवताना अगदी पोपटासारखी बोलतात.

एक मुलगी मात्र नाही. जूनपासून ती वर्गात एक अक्षरही बोलली नव्हती. सांगितलेलं सगळं कळायचं, हसायचीही, पण ओठ मिटलेले. तिचे वडील मोहर्लीच्या गेटवरून पर्यटकांना वाघ दाखवायला जिप्सी चालवायचे, आई शेत आणि रान दोन्ही बघायची. एके दिवशी ही आई नळावर भेटली आणि म्हणाली, "म्याडम, उद्या येतो पोरीले न्याले. मोहा वेचाले होईन थे. सालभर बसून एक शबुद नाई बोलली. घरी तं तिचं तोंड थांबत नाई. मंग शाळेत ठेवून का करू?"

"आणि मोह संपल्यावर?" मी विचारलं.

"पाहू," ती म्हणाली.

हे 'पाहू' मला चांगलं ठाऊक होतं. तसं म्हणून नेलेली पोरं मग बकऱ्यांमागे दिसतात. घरी आले, पण जेवणात लक्ष लागलं नाही. मला ती मुलगी हवी होती, माझ्या वर्गात, बोलो न बोलो.

दुसऱ्या दिवशी मी डबा ओतला. म्हटलं, मनात येईल ते काढा. तिने पिवळा घेतला आणि अख्खा कागद पिवळा केला, कोपरासुद्धा सोडला नाही. मग काळा घेतला आणि त्या पिवळ्यावर घासू लागली. इतका जोर लावून, की कांडी मोडली. उरलेला तुकडा चिमटीत धरून तिने सगळा पिवळा गडप केला. मुख्याध्यापक नेमके तेव्हाच डोकावले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, या मुलीच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

मी कागदावर वाकले. मला तो काळा ओळखीचा वाटत होता. फुलं स्वच्छ वेचता यावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात ना, त्यानंतर जमीन अशीच दिसते, काळीभोर. लहानपणी मीही अशा राखेवर अनवाणी उभी राहिले आहे.

आणि मग तिने नखाने कागद खरवडायला सुरुवात केली. जिथे नख लागलं तिथे काळ्यातून पिवळा ठिपका निघाला. मग दुसरा. ती अगदी वेचल्यासारखी बोटं चालवत होती आणि काळ्या जमिनीवर फुलंच फुलं पडत होती. शेजारची पोरं आपापले रंग टाकून बघू लागली. मला तर तो वासही आला.

आई केव्हा दारात येऊन उभी राहिली कळलंच नाही. रिकामी टोपली बाजूला ठेवून ती लेकीपाशी उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली आणि मग एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे काळाच काळा होता. "इथी काऊन सोडलं?"

मुलीने आधी खिडकीबाहेर पाहिलं, सागाच्या झाडांकडे. मग ओठ जेमतेम हलवत कुजबुजली, "थे हरनानं खाल्ले."

वर्गातले तिचे पहिले शब्द होते ते. आई मात्र हसायलाच लागली. "जोरानं बोल वं! इथी वाघ नाई येत!" आणि हसता हसताच माझ्याकडे बघून थबकली. "म्याडम, मीच शिकवलं हिले. झाडं दिसली का तोंड बंद, कान उघडे. मी वेचतो, थे आयकत बसते. शाळेच्या खिडकीतूनबी झाडंच दिसते ना..."

तिने खिडकीकडे पाहिलं. मीही. पोर वर्षभर वाघाची चाहूल घेत आमच्या सगळ्यांची राखण करत बसली होती.

आई जाताना टोपली घेऊन गेली, लेकीला नाही. "पाहाटे माह्यासंग रानात येईन, मंग आणून सोडतो. उशीर झाला तं बोलू नका तिले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उशिराच आली, पायांना राख लागलेली. सतरंजीवर बसली, डब्यात हात घालून चाळवाचाळव केली, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, "म्याडम, काळा संपला!"