कुसुमताईंची उसनवारी

कुसुमताईंच्या भातगिरणीत आलेल्या पाहुण्याला लगेच खुर्ची मिळत नसे. आधी पायातलं काढावं लागे. मग त्या त्याला गिरणीमागच्या सिमेंटच्या लांबरुंद ओट्यावर नेत. तिथे वाफवलेलं धान वाळत घातलेलं असे, आणि त्या कोमट, ओलसर धानातून पाहुण्याला अनवाणी चालावं लागे. ताई स्वतः पुढे. पदर खोचलेला, पाय न उचलता घसटत चालणं, आणि मागे धानात उमटत जाणाऱ्या दोन लांब सऱ्या. कोलंबोहून आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांना मी एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात मोजे घेऊन त्यांच्या मागे चालताना पाहिलं आहे. टोकाला पोचल्यावर ताईंनी विचारलं, "पायाले कसं लागून राहिलं, साहेब?" साहेब इंग्रजीत म्हणाले, गुदगुल्या होताहेत. मी ते मराठीत सांगितलं. "मंग वाळाचं हाय अजून," असं म्हणून ताईंनी त्यांना आणखी एक फेरी मारायला लावली.

मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात करडीजवळच्या एका प्रशिक्षण केंद्रात दुभाषी होते. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारच्या देशांतून शेतीत, गिरण्यांत, शाळांत काम करणारी माणसं हिवाळ्यात तिथे येऊन राहत, एकमेकांची कामं बघत, शिकत, शिकवत. त्यांना चालती भातगिरणी दाखवायची होती. आसपासच्या गिरणीवाल्यांनी केंद्राला निरनिराळी कारणं दिली. कोणाची मशीन बंद होती, कोणाच्या घरी लग्न होतं. कुसुमताईंनी एवढंच विचारलं, "जेवण आमच्याकडे का तुमच्याकडे?"

गिरणी त्यांच्या सासऱ्यांची. एकुलत्या मुलाने ती चालवावी असं म्हाताऱ्याला वाटत होतं, पण मुलाचं मन शाळेत. ते शिक्षक झाले, आणि नव्या सुनेने सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, मी बसते गल्ल्यावर." ताई विज्ञान शिकलेल्या होत्या, माप-तोल आणि माणूस दोन्हींची त्यांना समज होती. नवरा पुढे निवृत्त झाला तरी साऱ्या गावासारख्या त्याही त्यांना 'गुरुजी'च म्हणत. गुरुजी हळू बोलणारे, भित्रे म्हणावेत इतके सावध. ताई कोणतंही नवं काम काढायच्या, तेव्हा ते चष्मा पुसत म्हणायचे, "पाहा बा, अंगावर येईल." ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. "अंगावर आलं तर अंगच धुवाचं. अजून का कराचं हाय?"

त्यांच्या गिरणीत उसना तांदूळ निघे. धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं, अशी त्याची रीत. या नावावर ताईंचा एक आवडता खेळ होता. "आमचा तांदूळही उसना अन् आमची अक्कलही उसनी," त्या म्हणायच्या. "शेजारणीकडून वाटीभर पीठ आणलं तर आपण परत देताना वाटी शिगोशीग भरून देतो का नाही? अकलेचं बी तसंच हाय. मांगाले लाजू नये अन् परत कराले विसरू नये."

त्या वर्षी मात्र गिरणीवरच बेतलं होतं. वाफेसाठी बॉयलरमध्ये धानाचा सुटा भुसा जाळत. त्याची काळी राख धुराड्यातून उडायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर, पाळण्यातल्या लेकरांवर बसायची. धान भिजवलेलं आंबूस पाणी नालीतून गिरणीजवळच्या बोडीत जायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. तिथे मासे धरणारे परसराम म्हणून एक होते. त्यांच्या माशांना वास येऊ लागला, बाजारात कोणी घेईना. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि गिरणी बंद करा, इथपर्यंत गेला. आमच्या केंद्रातली मंडळी तेव्हा गिरणीत येत होती, त्यामुळे कोणीतरी वरून जोडलं, "अन् हे बाहेरदेशचे लोक कायले येऊन राहिले गावात? आपल्या गिरणीचं आपल्याले समजत नाही का?"

मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी बांगलादेशाचा रफिक, नेपाळची सरिता आणि श्रीलंकेची निमाली. रफिकने मान खाली घातली. त्या वाक्याचं भाषांतर मी केलं नव्हतं, पण त्याची गरज नव्हती.

कुसुमताई उठल्या. "राख माझी हाय," त्या म्हणाल्या. "पाणीबी माझंच हाय. परसरामभाऊ खोटं नाही बोलून राहिले. होळीपर्यंत थांबा. होळीले राख दिसली तर कुलूप मीच लावीन, चाबी सरपंचाकडे देईन." मग त्या पाहुण्यांविषयी बोलल्या. "माझं माहेर बपेऱ्याचं. नदीपलीकडे मध्य प्रदेश. आमची म्हैस रोज दुसऱ्या राज्यात चरून ये, संध्याकाळी घरी दूध दे. कोणी म्हटलं नाही का हे बाहेरचं दूध हाय. हे लोक धान पिकवणारे, धान खाणारे हायत. मले जे जमत नाही ते यायले विचारलं तर माझं का बिघडलं?"

सभा हसली, पण परसराम हसले नाहीत. "होळी," ते म्हणाले. "त्याच्यावर एक दिस नाही."

घरी पोचल्यावर गुरुजी म्हणाले, "गिरणीत पाच-पंचवीस घरं जेवतेत. तू सभेत कुलूप बोलून आली." ताईंनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. मग गिरणीची चाबी कमरेवरून काढून मुठीत धरून बसल्या. मी त्यांना घाबरलेलं तेव्हाच काय ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिघांना ओट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "तुमच्याकडे बी धान उसनतेत. तुमच्या राखेचं तुम्ही का करता?"

रफिक दिनाजपूरकडचा, गिरण्यांची यंत्रं बसवणारा. तो उजळला. त्यांच्याकडे भुसा सुटा जाळण्याऐवजी यंत्रात दाबून त्याचे दांडे करतात, मधोमध भोक असलेले. ते लाकडासारखे जागच्या जागी जळतात, राख उडत नाही. त्यांना तिकडे 'तुषेर लाकडी' म्हणतात. "तुसाची लाकडं!" ताई म्हणाल्या. "अवो बाप्पा, हे तर मराठीच हाय." निमाली तिकडे शाळेत शिकवायची, तिने पाण्याचा उपाय सांगितला. धान थंड पाण्यात फार वेळ ठेवलं की आंबतं. पाणी गरम घेतलं तर भिजणं लवकर होतं, वासही धरत नाही, आणि उरलेलं पाणी खड्ड्यात निवळवून भाजीपाल्याला देता येतं.

पाण्याचं काम पटकन जमलं. यंत्राने मात्र रडवलं. रफिकने कागदावर काढून दिलं, तुमसरच्या लेथवाल्याने घडवलं, आणि पहिल्याच दिवशी दांड्याऐवजी आतून धूर आणि भुशाचा चुरा बाहेर आला. दुरुस्ती झाली, दांडे निघू लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाही झाला नाही तोच दांडे पुन्हा फुटायला लागले. यंत्र उघडलं तर भुसा ढकलणाऱ्या स्क्रूचे आटे पार झिजलेले. रफिक ओशाळला. तो म्हणाला, आमच्याकडेही हेच दुखणं आहे, सारखे स्क्रू बदलत बसावं लागतं. बांगलादेशात हे सुटलेलं नाही, तर इथे मी कसं सोडवू?

ताई झिजलेला स्क्रू मांडीवर घेऊन बसल्या. त्यावरून बोट फिरवत राहिल्या. "भुसा म्हणजे कानसच हाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग गुरुजींकडे वळल्या. "अहो, तिकडे नाकाडोंगरीकडे खाणीतल्या मशीनी दिवसभर दगड खातेत. त्यायचे दात काहून झिजत नाहीत?"

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी त्या भागात खाणींच्या यंत्रांची वेल्डिंगची कामं करत असे. ज्या गुरुजींना सगळं अंगावर येण्याची भीती, त्यांनी त्याच दिवशी स्कूटर काढली आणि स्क्रू पिशवीत घालून रफिकला मागे बसवून ते निघाले. त्या वेल्डरने खाणीतल्या दातांवर चढवतात तसला कडक धातूचा थर स्क्रूवर चढवून दिला. रफिकने तो कसा चढवतात ते बघून घेतलं, स्वतः करून पाहिलं, हात भाजून घेतला आणि संध्याकाळी हाताला फडकं गुंडाळून हसत परत आला. तो स्क्रू टिकला. दिनाजपूरला त्याने पहिला फोन केला तेव्हा आनंदाने तो इतका भराभर बोलत होता की मला एक शब्द कळला नाही.

होळीच्या दिवशी सकाळी परसराम गिरणीत आले. आधी धुराड्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग बोडीकडे गेले. दुपारी परतले तेव्हा हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले मासे होते. ते त्यांनी ताईंपुढे ठेवले. "हे रांधा. तुमी खा पहिले, मी पाहून राहिलो."

मासे रफिकने रांधले. मोहरीचं वाटण लावून, त्याच्या आईच्या पद्धतीने. गिरणीतलाच उसना तांदूळ शिजवला. सगळे ओट्यावर पंगतीला बसले. ताईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला आणि परसरामांच्या पानात वाढलं. परसरामांनी खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. तिसऱ्यांदा मागताना ते रफिककडे बघून म्हणाले, "बंगाली, पुढच्या टायमाले तिखट वाढव." एवढ्यावर गिरणी वाचली. कुलपाची गोष्ट गावात पुन्हा कोणी काढली नाही.

परत करण्याचं ताई विसरल्या नाहीत. सरिता नेपाळच्या तराईत बायांसाठी चुली बसवण्याचं काम करायची. तिकडे भुसा वाया जात होता आणि बाया सरपणाला जंगलात जात होत्या. साठी उलटल्यावर ताई पहिल्यांदाच देशाबाहेर पडल्या आणि वेल्डरला सोबत घेऊन तिकडे गेल्या. गुरुजी रोज फोनवर एकच विचारत, "जेवली का?" यंत्र उभं करून त्या परत आल्या त्या आंबवून वाळवलेल्या पाल्याची पुरचुंडी घेऊन. 'गुन्द्रुक' त्याचं नाव. त्यांनी इथे लाखोरी या डाळीच्या रोपाच्या पाल्यावर तो प्रयोग केला. आठ दिवस घरात असा वास होता की गुरुजी शेजाऱ्याच्या ओसरीत झोपले. भाजी मात्र त्यांनी निमूट खाल्ली. "शिकून आली तर खावंच लागते," ते मला म्हणाले.

एकदा नागपूरहून एक पत्रकार आला. मूळ यंत्र बांगलादेशाचं म्हणायचं की भंडाऱ्याचं, असा त्याचा प्रश्न होता. ताईंनी त्याला दोन्हींपैकी काहीच म्हणू दिलं नाही. "भात शिजल्यावर पाणी कोणत्या विहिरीचं होतं, हे पुसतेत का कोणी?" असं म्हणून त्यांनी त्याला बूट काढायला लावले.

पुढे केंद्राचं काम थांबलं. व्हिसाच्या अडचणी वाढल्या, पाहुणे यायचे बंद झाले, आणि मला नागपूरला नोकरी मिळाली. निरोपाच्या कार्यक्रमाला ताई आल्याच नाहीत. मला ते लागलं. सामान बांधून झाल्यावर मी गिरणीत गेले, तर त्या धानात पाय घसटत होत्या. "मले लोकायसमोर रडाले जमत नाही," त्या खाली बघतच म्हणाल्या. "तू बुधवारी फोनवर येत जाय. हे तिघं बुधवारी मोबाइलवर दिसतेत. मले अर्धंच समजते. तू असली का बरं."

तेव्हापासून बुधवारची संध्याकाळ आमची ठरलेली. पडद्यावर चार-पाच चौकोन. कुठल्या गिरणीची वाफ कमी पडते, कुठे यंदा धान वाऱ्याने आडवं पडलं, निमालीच्या शाळेतली मुलं भुशावर कसला प्रयोग करताहेत. मी मध्ये बसून इकडचं तिकडे पोचवते.

मागच्या बुधवारी ऑफिसात अडकले आणि बऱ्याच उशिराने फोन जोडला. बोलणं रंगात आलं होतं. दिनाजपूरच्या कुठल्याशा गिरणीतला दाब उतरत होता. रफिक तिथूनच बांगलात सांगत होता, निमाली मोडक्या इंग्रजीत मध्येच काही सुचवत होती, सरिता नेपाळीत तिला खोडत होती, आणि कुसुमताई आपल्या झाडीबोलीत सगळ्यांना उत्तर देत होत्या. "झडप पाह्य आधी, झडप!" असं त्या म्हणाल्या आणि रफिक लगेच उठून झडप बघायला गेला. परत आला तो हसत. कोणीतरी काहीतरी म्हणालं, कोणत्या भाषेत ते मला कळलं नाही, आणि चौघंही खदखदून हसली. ताईंच्या मागे गुरुजीही हसताना दिसले.

मी माझा माइक बंद ठेवून तशीच ऐकत बसले. थोड्या वेळाने ताईंचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"आली का वो?" त्या म्हणाल्या. "बस. चहा घे तोवर. आमचं चालू हाय."