कोतवालची हजेरी

बाबूजींनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. एकवीस दिवस, चार रकाने, आणि प्रत्येक चौकोनात टिकमार्क. फुली एकही नाही.

"मॅडम, कोतवाल एकदम फस्ट क्लास आहे," ते म्हणाले. "गोळ्या सरल्या. अजून द्या."

मी तिरोडा तालुक्यातल्या एका सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. राहते कुडव्याला, रोज स्कूटीने जाऊन-येऊन करते. माझे पेशंट म्हणजे म्हशी, बैल, शेळ्या. कुत्रा आला तर रेबीजच्या लशीला येतो आणि जाताना आमचे परिचर मेश्रामभाऊ यांच्याकडे रागाने बघून जातो. त्यामुळे कॅन्सर झालेला कुत्रा ही माझ्यासाठी मोठी केस होती. खरं सांगायचं तर मला थोडा उत्साहच चढला होता. डॉक्टरांना असा उत्साह चढू नये, पण चढतो.

कोतवाल हा बाबूजींचा कुत्रा. बाबूजी पटले, वय सत्तरीच्या पुढे, बोदलकसा तलावाच्या बाजूला त्यांची धानाची शेती. कुत्रा तांबडा, गावठी, अकरा वर्षांचा. धान कापून भाऱ्यांची रास रचली, जिला इकडे पुंजणं म्हणतात, की रात्रभर त्याच्या राखणीला हा. म्हणून नाव कोतवाल. गावात एक खरा कोतवालही आहे, म्हणजे तलाठ्याच्या नोटिसा घरोघरी पोचवणारा माणूस. कुत्र्याचं नाव कळल्यावर तो दोन वर्षं बाबूजींशी बोलत नव्हता, असं म्हणतात.

कोतवालच्या जबड्याखाली आणि मागच्या पायांत लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या. नागपूरला गाठीत सुई घालून पाणी तपासलं. रिपोर्ट आला, लिम्फोमा. शरीरात जागोजागी छोट्या ग्रंथी असतात, त्या रोगाशी लढतात. त्या ग्रंथींचाच कॅन्सर. केमोथेरपी करता येते, पण त्यासाठी पुन्हा पुन्हा नागपूर गाठावं लागतं, आणि कोतवाल गाडीत बसला की तिरोड्यापासून उलट्या सुरू करायचा. बाबूजी नको म्हणाले. मग उरतात स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी गाठी बसतात, भूक वाढते, काही आठवडे बरे जातात. मग गोळ्यांचा जोर ओसरतो आणि एक दिवस ठरवावा लागतो. इंग्रजीत त्याला युथनेशिया म्हणतात. आमच्याकडे लोक नुसतं 'इंजेक्शन' म्हणतात आणि खाली बघतात.

कधी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याच्यासाठी माझ्याकडे कागद होता. एका ट्रेनिंगमध्ये मिळालेला, मी स्वतः मराठीत केलेला, एक प्रत लॅमिनेट करून दवाखान्याच्या भिंतीवर लावलेला. घरी पाहुणे आले की मी चहाच्या आधी त्या कागदाचा फोटो दाखवते, असा माझ्या नवऱ्याचा आरोप आहे. पद्धत सोपी. जनावराला सगळ्यात आवडणाऱ्या चार गोष्टी लिहायच्या. रोज संध्याकाळी, झाली तर टिक, नाही झाली तर फुली. फुल्या जास्त व्हायला लागल्या की मला बोलवायचं.

बाबूजींनी चार गोष्टी लिहिल्या होत्या. सकाळी जेवणे. माझ्यासंगं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, येणे. खऱ्या कोतवालच्या सायकलीवर भुंकणे. सायंकाळी मी आलो की फाटकावर येणे.

आणि आता तिसरा आठवडा संपला तरी चौऱ्याऐंशी टिका. मी गोळ्या दिल्या. "कुत्र्याला का नाही आणलं?" असं विचारलं, तेव्हा रस्ता लई खराब आहे म्हणाले. ते खरंच होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की माझा एक पेशंट पुस्तकाच्या पुढे चालला आहे. नवरा हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. तो म्हणाला, "आमच्याकडे शंभर टक्के निकाल लागला की चौकशी लागते." मी त्याला वरण वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूजींच्या सुनेचा, ज्योतीचा, फोन आला. हळू आवाजात बोलत होती. "मॅडम, एकदा घरी याल का जी? तो कागद पाहून नका ठरवू."

रविवारी सकाळी सातलाच मी आणि मेश्रामभाऊ पोचलो. फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवली, कारण समोर जे चाललं होतं ते मध्ये पडण्यासारखं नव्हतं.

अंगणात कोतवाल पोत्यावर आडवा. बरगड्या मोजता याव्यात असा. ज्योती त्याच्यापुढे बसून भातात तलावाची मासोळी कुस्करून, काटे काढून, बोटाने त्याच्या गालाच्या आत सारत होती. अर्धं बाहेर येत होतं. ती पुन्हा सारत होती. शेवटी एक घास गिळला गेला. बाबूजींनी खिशातून पेन काढला.

मग बाबूजींनी सिमेंट वाहायची एकचाकी गाडी आणली. आत गोधडी. दोघांनी उचलून कोतवालला गाडीत ठेवलं आणि बाबूजी ढकलत बांधीकडे निघाले. ज्योती मागे, आम्ही तिच्या मागे. मी मेश्रामभाऊंकडे बघितलं, ते झाडांकडे बघत होते.

पांदणीवर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, खरा कोतवाल सायकल घेऊन उभाच होता. माणूस वाट बघत उभा होता, हे लगेच कळलं. त्याने घंटी वाजवली. काही नाही. त्याने सायकल जवळ आणली, पुन्हा घंटी वाजवली, मग वाकून कुत्र्याच्या नाकापुढे स्वतःची चप्पल हलवली. "ओ साहेब," तो म्हणाला, "ड्युटीवर आहात ना?" गाडीतून एक 'हुं' असा आवाज आला. भुंकणं म्हणायला फार मोठं मन लागलं असतं. त्या दोघांकडे ते होतं. बाबूजींनी पुन्हा पेन काढला.

संध्याकाळी फाटकावर येण्याचं ज्योतीने मला सांगितलं. बाबूजी यायच्या पाच मिनिटं आधी ती त्याला पोत्यासकट ओढत फाटकापर्यंत आणून ठेवायची. बाबूजींना हे माहीत होतं, आणि बाबूजींना माहीत आहे हे तिला माहीत होतं.

माझी चूक मला तिथे पांदणीवर कळली. तो कागद शहरातल्या लोकांसाठी बनवलेला होता. मालक सकाळी कामावर जातो, संध्याकाळी येतो, कुत्रा दिवसभर एकटा. जेवला तर तो स्वतः जेवला, दारात आला तर स्वतः आला. तिथे 'स्वतःहून' असं लिहायची गरजच नसते. इथे एका कुत्र्याचा दिवस भरून काढायला अख्खं घर आणि एक सरकारी नोकर कामाला लागला होता. आणि मी टेबलाशी बसून टिका मोजत होते.

बाबूजींनी आम्हाला बघितलं तेव्हा ते दचकले नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे बांधाच्या कडेला, बसले.

"म्या खोटं नाही लिवलं, मॅडम."

"नाही लिहिलं बाबूजी. पण ही तुमची हजेरी आहे. त्याची नाही."

ते बराच वेळ गाडीच्या चाकाला लागलेला चिखल काडीने काढत राहिले. मग म्हणाले, "मले समजत होतं. पर फुली मारायची म्हणजे म्याच ठरवून राहिलो असं वाटे. टिक मारली का एक दिवस गेला."

मी सांगितलं की उद्या एकच दिवस कोणी हात लावू नका. पाणी जवळ ठेवा, अन्न जवळ ठेवा, दुखण्याचं औषध मी आत्ता देते. तो स्वतःहून काय करतो तेवढं बघा. ज्योतीने मान हलवली. खऱ्या कोतवालने विचारलं, घंटी वाजवू का नको. मी म्हटलं, एकदाच.

सोमवारी संध्याकाळी बाबूजींचा फोन आला. चारही फुल्या.

"एक पाचवा रकाना म्या काढला," ते म्हणाले. "पाहते. मी कोठी जातो ते डोळ्यानं पाहते. तेवढी टिक आहे."

मग तेच पुढे म्हणाले,

"तेवढ्यासाठी त्याले ठेवायचं काऊन? तो पाहते, म्हणून आपण ठेवायचं का? मॅडम, या तुम्ही."

आता दिवस. मंगळवार ते नको म्हणाले, घरात चालत नाही. बुधवारी धान विकायला जायचं होतं. गुरुवारी ज्योतीचा उपास. तितक्यात मागून ज्योतीचा आवाज आला, "बाबूजी, लगन काढून राहिलात का?" बाबूजी हसले. मलाही हसू आलं, आणि मग आम्ही तिघेही मंगळवारी सकाळी आठ यावर आलो. घरात काय चालतं आणि काय नाही हे बाबूजी बघून घेणार होते.

जागा बाबूजींनी निवडली होती. पुंजण्याच्या सावलीला. खरा कोतवाल डोक्यावर टोपी घालून आला होता.

अशा वेळी आम्ही दोन इंजेक्शनं देतो. पहिलं गुंगीचं, त्याने जनावर गाढ झोपतं. दुसरं भुलीच्या औषधाचं, पण डोस खूप मोठा, त्याने श्वास आणि हृदय थांबतं. झोपेतच, त्याला कळत नाही. लोकांना वाटतं दुसरं अवघड असतं. मला पहिलं अवघड जातं, कारण तोवर जनावर आपल्याकडे बघत असतं.

पहिलं दिलं. बाबूजींनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. चार-पाच मिनिटांत कोतवाल घोरायला लागला. साधं नाही, भातगिरणी सुरू व्हावी तसं. बाबूजी एकदम हसले, डोळ्यांतून पाणी येत असताना हसले.

"असाच राखण करे हा," ते म्हणाले. "रातभर घोरे. तरी धान कधी चोरी नाही गेलं. चोराले वाटे, माणूस झोपला आहे."

मेश्रामभाऊंनी पाय धरला. शीर कोरडी पडली होती, माझा पहिला प्रयत्न फसला, दुसऱ्यांदा सापडली. घोरणं हळूहळू कमी झालं आणि थांबलं. मी स्टेथोस्कोप लावून बघितलं आणि मान हलवली.

पुरल्यानंतर बाबूजींनी तलावावर आंघोळ केली. सुनेने विचारलं, चूल पेटवायची का. कुत्र्याचं सुतक धरायचं की नाही यावर खऱ्या कोतवालचं काही मत होतं, पण बाबूजींनी त्याला बोलू दिलं नाही. पेटव, म्हणाले, डॉक्टर उपाशी जाऊन राहिली. मी नाही-नाही म्हणत दोनदा भात घेतला. मेश्रामभाऊ म्हणतात तीनदा.

निघताना बाबूजींनी मला फाटकाबाहेर गाठलं. "खरं सांगा मॅडम. म्या त्याले तरास देल्ला का?"

गोड बोलता आलं असतं. मी म्हटलं, "पहिले दोन आठवडे त्याचे खरंच चांगले गेले, बाबूजी. शेवटचे पाच-सहा दिवस जास्त झाले. त्यातले निम्मे माझ्यामुळे. मी आधी घरी यायला पाहिजे होतं."

त्यांनी थोडा हिशेब केल्यासारखं केलं. "मंग आपले तीन-तीन झाले," म्हणाले. आणि समाधानाने फाटक लावून आत गेले.

भिंतीवरचा कागद मी बदलला. आता वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'स्वतःहून केलं तरच टिक.' नवऱ्याला वाटतं यात लॅमिनेट करण्यासारखं काही नाही. तेही खरं आहे. कारण कागद कितीही सुधारला, तरी तो भरणारा त्या जनावरावर प्रेम करणारा माणूस असतो, आणि तो परीक्षकही असेल तर निकाल चांगलाच लागतो. म्हणून आता कागद देताना मी पत्ता लिहून घेते, आणि दहाव्या दिवशी न कळवता जाते.