नातीचा डावा हात आणि उद्याचा प्रसाद

मंडळी, सकाळचं लिहायला संध्याकाळ झाली, माफ करा.

माझी नात गौरी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. ती प्रसाद डाव्या हातानेच घेते. उद्या देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला जायचं आहे. आमची ही म्हणाली, "तिचा डावा हात ओढणीनं बांधा, नाही तं लोक नावं ठेवतीन."

मी घाबरून गौरीच्या डॉक्टरबाईंना हे सांगितलं अन् विचारलं, "डावाच हात पुढं करते, म्हणजे तिच्या मेंदूची एक बाजू बिघडली काय हो?"

"नाही बाबा. डावा-उजवा मेंदू कोणाचाच अगदी सारखा नसतो. स्वमग्न माणसांत तो फरक जरा निराळा असू शकतो. हात बांधू नका."

गौरीच्या एवढ्याशा डोक्याकडे मी बघतच राहिलो. आत केवढी रचना!

हिला सांगितलं तर म्हणते, "देवाले डॉक्टरीण शिकवन काय?"

पण ही रचना देवाचीच ना? तुमच्या घरी असं लेकरू असेल तर तुम्ही काय करता? सकाळच्या आत कळवा.