निळी वही आणि सतरा नंबर

संघमित्रा गेल्याचं तिच्या भाचीनं, पल्लवीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी रडले नाही. पहिला विचार आला तो असा... तिच्या वह्या आता कोण वाचणार? सत्तरीतली बाई मी, पण हा विचार माझ्यातल्या पंचविशीतल्या घाबरट कुमुदचाच.

त्या कुमुदची गंमत ऐका. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिच्या गुप्तांगावर हर्पीसचे फोड आले. कुठून आले, हे नवऱ्याला विचारायची हिंमत नव्हती. सासूबाईंना सांगितलं, उष्णता वाढलीय. मग काय, तीन महिने सब्जा आणि गुलकंद. विषाणूला माहेरपणच वाटलं असणार, तो पुन्हा पुन्हा येत राहिला. लेकीला लागेल म्हणून ही शहाणी वर्षाच्या पोरीला मांडीवर घेईना. लेक पाळण्यात रडायची, ही दाराआड.

शेवटी सांगितलं ते फक्त संघमित्राला. आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. ती तेव्हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली होती. तिनं सगळं ऐकलं, लेकीला उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मांडीवर बसून हा लागत नाही, येडे. चल डॉक्टरकडे." औषधानं फोड आटोक्यात आले, भीती मात्र नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून मी तिला चारदा शपथ घातली. ती शपथा मानणारी नव्हती. "शब्द देते," एवढंच म्हणाली.

पुढे ती याच रोगावर काम करू लागली. उंदरांच्या माद्यांना गुप्तांगातच विषाणू द्यायचा, आधी दुबळा केलेला, मग खरा. दुबळ्याशी लढलेल्या काही पेशी परत जातच नाहीत, त्याच जागी पहारा देत बसतात, असं ती सांगायची. तो पहारा बघायचा तर उंदीर मारावा लागतो, हेही. हा विषय तुला कुठून सुचला, असं मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर ती माझ्या गावात, गंगापूर रोडला राहायला आली. तिच्याकडे चहा पिताना माझा डोळा कपाटातल्या तिच्या प्रयोगांच्या निळ्या वहीवर असायचा. त्यात मी आहे का? नवरा गेला, सासूबाई गेल्या, प्रश्न ओठांवर आला नाही...

तिच्यासाठी बौद्ध पद्धतीनं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पल्लवीनं तीच वही माझ्यासमोर धरली.

"मावशी, सगळ्या उंदरांना नुसते नंबर आहेत. सतराला मात्र नावही आहे, कुमुद. ही तुम्ही का?"

चष्मा पुसून मी वाचलं. 'कुमुद. खरा विषाणू दिला. फोड नाहीत. पहारा असणार. मारून बघायचं नाही.'

माझ्याबद्दल अख्ख्या वहीत दुसरं अक्षर नव्हतं. तिनं शब्द पाळला होता.

"हो, ही उंदरीण मीच," म्हटलं, आणि तेव्हा कुठे रडू फुटलं.

लेकीला अजून सांगितलेलं नाही. मी लिहिलेलं हे ती रविवारी घरी आल्यावर वाचेल. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पल्लवीनं मला दिलेली वही टीव्हीशेजारी उघडी ठेवलीय, सतरा नंबरच्या पानावर.