साडूंची बग्गी

अख्ख्या दक्षिण गोलार्धात आमच्या साडूंइतका सावकाश माणूस शोधून सापडणार नाही, आणि गंमत अशी की हाच माणूस पोटापाण्यासाठी लोकांना मिनिटभरात झोपवतो. इथल्या हॅमिल्टन शहराच्या इस्पितळात ते भूलतज्ज्ञ आहेत. तिथे म्हणे त्यांचा हात फार चपळ चालतो. घरी मात्र त्यांना साधा खिळा ठोकायचा असला तरी आधी भिंतीचा अभ्यास करावा लागतो. रोटोटुना उपनगरातल्या नव्या घराला पडदे निवडायला त्यांनी इतका वेळ घेतला की मेव्हणीनं कंटाळून खिडक्यांवर जुन्या चादरी टांगल्या. अखेर पडदे आले ते त्या चादरींच्याच रंगाचे, कारण तोवर घरातल्या सगळ्यांना त्या रंगाची सवय झाली होती. "एकदा केलं की पुन्हा करावं लागू नये," असं ते शांतपणे सांगतात. ते एकदा करणं कधी होणार, हे विचारायची सोय नसते.

अशा माणसानं बग्गी बांधायला घेतली. बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे. जुन्या बीटल गाडीचा सांगाडा घ्यायचा, त्यावर फायबरचं टबासारखं अंग चढवायचं, छप्पर नाही, दारं नाहीत, मागे उघडं इंजिन आणि खाली हे एवढे रुंद टायर. मूळ अवतार वाळूच्या टेकड्यांवर उधळण्यासाठी, पण इथले हौशी लोक तिची रीतसर तपासणी करून घेतात, नंबरप्लेट लावतात आणि तिच्यातून दूध आणायला जातात. साडूंच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते त्यांच्या आईमुळे. माई मिरजेहून पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा साडूंच्या वडिलांना, नानांना, जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात त्या वावरायच्या, सगळं करायच्या, पण बोलणं अगदी कामापुरतं. एकदा सिग्नलला शेजारी एक लाल बग्गी येऊन थांबली. आत पिकल्या केसांचं एक जोडपं, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, बाईंचे केस वाऱ्यानं पिंजारलेले. त्यांनी माईंना हात केला आणि माई खुदकन हसल्या. "अरे, ही तर कढईला चाकं लावलीयेत! मला बसव ना एकदा असल्यात." नानांच्या मागे त्या हसल्या त्या पहिल्यांदाच. साडूंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, आपण स्वतः बग्गी बांधायची आणि माईंना तिच्यातून रॅगलनच्या समुद्रावर न्यायचं. वर अशीही अट घातली की माई तो समुद्र पहिल्यांदा पाहतील तो बग्गीतूनच, तोवर त्यांना तिकडे कुणी न्यायचं नाही.

मग सुरू झालं नियोजन. नमनालाच घडाभर तेल कसं जळतं ते मी त्या गॅरेजमध्ये पाहिलं. घरच्या दोन्ही गाड्या उन्हापावसात बाहेर गेल्या आणि आत पुठ्ठ्याची बग्गी उभी राहिली. फ्रिजच्या, टीव्हीच्या, शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनच्या खोक्यांची. झाडूच्या दांड्याचं स्टिअरिंग. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी त्या पुठ्ठ्यात बसावं लागे आणि साडू मोजपट्टी घेऊन त्याच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर घेत. दिवाळीच्या फराळाला आलेल्या एका बाईंनी शालू सावरत आत बसून विचारलं होतं, "डॉक्टर, हे काही दुखण्याचं आहे का?" सर्वांत बारकाईनं मापं घेतली होती माईंची. त्यांचे गुडघे धरलेले, पाय उचलून आत टाकणं जमणार नाही, म्हणून साडूंनी बग्गीला दार करायचं ठरवलं. बग्गीला दार म्हणजे टोपीला खिशासारखं. बग्गीवाल्या इथल्या मंडळींनी त्यांना परोपरीनं समजावलं, पण साडू हलले नाहीत. दारासाठी सांगाड्याला जास्तीचं बळ द्यावं लागलं, त्या बळासाठी माईंची सीट जागेवर पक्की जोडावी लागली, आणि पक्की जोडायची म्हणून ती तंतोतंत माईंच्या बेताची केली. पाय जमिनीला टेकतील, पट्टा बरोबर खांद्यावरून येईल अशी.

काम करताना साडू लोखंडाशी बोलत. भोक पाडण्याआधी, "थोडं टोचेल हं." रंगाआधी पुसून घेताना, "आता जरा गार लागेल." वेल्डिंगचा क्लास त्यांनी दोनदा केला, कारण पहिल्यांदा पास झाले तरी स्वतःचं समाधान झालं नव्हतं. माई दर उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबरात, येत. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून मेथी निवडत बसत. "यंदा नक्की, माई," साडू म्हणत. मग कुठल्या तरी नटाचा आटा त्यांना पसंत पडत नसे आणि माईंच्या परतीचं विमान येई. "अरे, तुझ्या साध्या गाडीतून गेलो तर समुद्र आत घेणार नाही का आपल्याला?" असं त्या एकदा म्हणाल्याही. "पुढच्या उन्हाळ्यात, माई. असं अर्धवट नाही न्यायचं तुला." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, अति तिथे माती." त्यांनी माझ्याकडे भूल न चढलेल्या रोग्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि पुन्हा पॉलिश करायला घेतलं.

मधले एक-दोन उन्हाळे माईंचं येणं झालं नाही. प्रकृतीच्या कुरबुरी. गेल्या वर्षी त्या आल्या त्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की एवढा लांबचा प्रवास आता हा शेवटचा. पण बग्गी तयार होती! हळदीच्या रंगाची, आरशासारखी. फक्त शेवटची तपासणी उरली होती. तपासणारे गृहस्थ शनिवारी सकाळी आले, मीही मुद्दाम गेलो. साडूंनी दार उघडलं. माई अगदी राणीसारख्या आत जाऊन बसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडूंनी पट्टा लावला, आणि तो माईंच्या खांद्यावरून न जाता सरळ गळ्यावरून गेला. पाय जमिनीपासून दोन बोटं वर लोंबत होते.

"सॉरी, मेट," ते गृहस्थ हळूच म्हणाले. "शी इज अ बिट टू स्मॉल फॉर इट."

साडूंनी मोजपट्टी काढली, माईंचं माप पुन्हा घेतलं, पुन्हा एकदा घेतलं. रोज सकाळी प्रत्येक रोग्याचं वजन नव्यानं बघितल्याशिवाय औषधाला हात न लावणारा हा माणूस, मागच्या वर्षीचा आकडा चालत नाही म्हणून नर्सना ऐकवणारा, आईचं मात्र पहिल्या उन्हाळ्यातलं माप धरून इतकी वर्षं लोखंड जोडत होता. म्हातारपणी माणसं आटतात हे त्यांना माहीत नव्हतं थोडंच? आपली आई त्यात येते, एवढं डोक्यात आलं नव्हतं.

"अरे, तुझी गाडी चुकली नाहीये," माई पट्ट्यातून मान सोडवत म्हणाल्या. "धुतलेल्या कापडासारखी मीच आटले बघ."

सीट कापायची, पट्टा जिला अडकवलाय ती वरची लोखंडी कमान उतरवायची, पट्ट्याची जागा बदलायची, पुन्हा जोडकाम, पुन्हा रंग, पुन्हा तपासणी. साडूंच्या गतीनं पुढचा उन्हाळा. आणि पुढच्या उन्हाळ्यात माई इथे नसणार, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला वाटलं, आता हे म्हणणार, "करू आपण, माई." साडूंनी मोजपट्टी बाकावर ठेवली. हात पुसले. मेव्हणीला म्हणाले, "गाडीची किल्ली दे."

"आत्ता? अहो, कुकर लावलाय. डबा तरी घेऊ दे, माईंची शाल..."

"आत्ता."

कुकर बंद करण्यापुरतीच सवड मिळाली. मी मागे, मेव्हणी आणि तिची लेक, माझी भाची, शेजारी, माई पुढे. जेमतेम पाऊण तासाचा रस्ता. डोंगर ओलांडला, शेवटचं वळण घेतलं आणि समोर समुद्र. माईंनी काळी वाळू पाहिली आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही कुणी करपवली?" मग लेकाचा हात धरून त्या पाण्यात घोट्यापर्यंत उतरल्या. "आजी, युअर साडी! इट्स गेटिंग सोकिंग वेट!" भाची ओरडली. "असू दे गं," माई म्हणाल्या आणि आणखी एक पाऊल पुढे गेल्या. परत येताना साडू माझ्या शेजारून चालले होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतका जवळ होता हो." मला फार वाईट वाटलं. त्यांना बोललेलं ते माती-बिती सगळं परत घ्यावंसं वाटलं.

माई मिरजेला गेल्या. नंतर बग्गी पास झाली, त्या सीटवर मेव्हणी बरोबर बसते. नंबरप्लेट लागल्यावर आम्ही रॅगलनला निघालो, मी मागच्या सीटवर. काय सांगू, असा प्रवास जन्मात केला नव्हता! वारा तोंडावर, मागे इंजिन धडधडतंय, रस्त्यावरची अनोळखी माणसं हात करतायत, आणि आमचे गंभीर साडू चक्क वळणावळणावर शीळ घालतायत. एकदा तर मेव्हणीनं त्यांना दरडावलं, जरा हळू म्हणून. दरडावल्यावर ते आणखी मोठ्यांदा शीळ घालू लागले.

समुद्रावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती, मिरजेत तेव्हा सकाळ. साडूंनी माईंना व्हिडिओ कॉल लावला. माई देवपूजा आटपून उशीला टेकून बसल्या होत्या, आणखीच लहान दिसत होत्या. त्यांनी बग्गी पाहिली, समुद्र पाहिला, आणि विचारलं, "कशी रे आहे बसायला?"

साडूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांगू, माई? काही अर्थ नाही. कान फुटतात, पाठ मोडते, केसांत सगळी धूळ. त्या दिवशी आपण साध्या गाडीनं आलो ना, तेच बरं होतं."

"होय रे?" माई म्हणाल्या. "म्हणजे माझं काही राहिलं नाही म्हणायचं."

"काही नाही राहिलं, माई."

मी बग्गीच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि उगाचच टायरवरची वाळू झटकत बसलो.