दिसत नसेल तर दिसते म्हणू नका

"आजी, बॅटरीचा उजेड दिसला?" डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलून विचारलं.

"दिसला," मी म्हणाले. दिसला नव्हता.

ऑपरेशन होऊन चार तास झाले होते. डावा डोळा लहानपणीच तुरीच्या खुंटानं गेलेला. उरलेल्या उजव्याच्या मागची गाठ काढली होती.

खोटं मी वर्षभर बोलत होते. डोळा खोबणीतून बाहेर येत होता, दुखत नव्हता. जळगाव जामोदच्या डोळे तपासणी शिबिरात रांगेतल्या पुढच्या बाया तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होत्या. मी चौथी शिकलेली, पाठांतर पक्कं. घडाघडा म्हणून दाखवलं. थेंब देऊन घरी पाठवलं. आंधळी ठरले असते तर मुलगा घराला कुलूप लावून मला अकोल्याला नेणार होता. तिथं तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?

दिवाळीला आलेल्या सुनेनं पकडलं. "आत्याबाई, भाकर तव्याच्या बाहीर टाकून राह्यल्या तुमी!"

मग नागपूर. एमआरआय, म्हणजे त्या आवाज करणाऱ्या नळीत पडून राहणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅव्हर्नस हेमॅन्जिओमा. रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर नाही. पण नजरेची नस दाबते. ठेवली तर नजर जाईल. काढताना जाणारच नाही, असंही मी म्हणणार नाही."

कानशिलाजवळचं हाड उघडून गाठ काढली.

तर, उजेड दिसला म्हणाले आणि चैन पडेना. डोळ्यामागं दाब वाढत होता. या कुशीवर, त्या कुशीवर. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "काऊन तळमळून राह्यल्या हो मावशी?"

"मले काहीच दिसत नाही."

"मंग दिसते काऊन सांगतलं? इथं काय पहिला नंबर काढाचा हाय?" तिनंच ओरडून नर्सला बोलावलं.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. आत रक्त साचलं होतं. मला तशीच परत ऑपरेशनला नेली. जाता जाता शिबिरातला तक्ता पाठ म्हटल्याचंही मी त्यांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी आणली नाही. मूठ उघडली. "हातात काय आहे?"

बराच वेळ नुसतं हिरवं दिसलं. मग म्हणाले, "मिरची. देठ मोडेल हाय."

"पाठ नव्हती ना?"

ज्यांना अशी गाठ निघेल त्यांना सांगते, दवाखान्यात पास व्हायचं नसतं. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, आणि लगेच म्हणा.

मी वाचले, डोळा वाचला. जळगाव जामोदच्या घरात मी एकटीच राहते.